संवाद काढून घेतले तर काय उरतं?

अंबाजोगाईच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षं एकांकिका लिहितोय, राज्य नाट्य स्पर्धेत आमचं नाटक दोनदा केंद्रावर पहिलं आलं, आता चित्रपट लिहायचाय. नाटककाराचा पटकथाकार होतो म्हणजे नेमकं काय बदलतं? ‘संवाद कमी करा, झालं’ असं सगळे सांगतात, ते खरं का? मुंबईला जावंच लागतं का? आणि झेडपीच्या शाळेतली नोकरी सोडू का?

वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो. नोकरीचं शेवटाला बोलू. तिथं माझं उत्तर तुला आवडणार नाही आणि मग बाकीचं तू वाचणार नाहीस.

मी परभणीचा. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मुनीम होते. पहिली एकांकिका कॉलेजच्या गॅदरिंगसाठी लिहिली, ती त्यांच्या जुन्या हिशेबाच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर. मग औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात दोन वर्षं, मग स्पर्धेची नाटकं, दोन व्यावसायिक नाटकं, चार वर्षं मालिका आणि गेली सोळा-सतरा वर्षं चित्रपट. पाच पटकथांचे चित्रपट झाले. त्यातले तीन लागले, दोन डब्यात आहेत. न झालेल्या पटकथांची मोजदाद बायको ठेवते, मी विचारत नाही.

आता ‘संवाद कमी करा’ या सल्ल्याकडं येतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळं घात करतो. नाटकातला दहा ओळींचा संवाद चार ओळींवर आणला की पटकथा होत नाही, आखूड झालेलं नाटक होतं. मीही कित्येक वर्षं तेच लिहीत होतो.

विजय तेंडुलकरांचं उदाहरण घे. मराठी नाटकात संवादाचा एवढा मोठा कारागीर दुसरा दाखवणं अवघड. १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारेबाईचं शेवटचं स्वगत अजून मुली परीक्षेला आणि स्पर्धेला पाठ करून जातात. हाच माणूस ‘निशांत’ (१९७५) आणि ‘मंथन’ (१९७६) लिहितो तेव्हा पटकथा त्याची असते आणि संवाद दुसऱ्याचे: ‘निशांत’चे सत्यदेव दुबेंचे, ‘मंथन’चे कैफी आझमींचे. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्याची ओळखच संवाद, त्याच्याकडून संवादच काढून घेतले आणि तरी मागं जे उरलं ते पुरस्कार देण्याजोगं होतं. पुढं १९८० च्या ‘आक्रोश’मध्ये तर ओम पुरींचा लहान्या, खुनाचा आरोपी, जवळजवळ अख्खा चित्रपटभर बोलतच नाही. वकील विचारून विचारून थकतो, हा गप्प. तोंड उघडतो ते शेवटी, ओरडायला. बेणारे आणि लहान्या एकाच लेखणीतून आलेत. दोघांनाही आरोपी केलंय, दोघांचंही सगळं आत साठलेलं आहे. एकीला त्यानं पानंच्या पानं दिली, दुसऱ्याला जवळजवळ एकही ओळ दिली नाही. नाटककाराचा पटकथाकार होतो म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी या दोघांना शेजारी-शेजारी बसवतो.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न ‘किती संवाद कमी करू’ हा नव्हे. ‘सगळेच काढून घेतले तर माझ्या प्रसंगात काय उरतं’ हा आहे. ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर तो प्रसंग नाटकातच राहू दे. तिथं तो सुखी आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो. टँकरवर माझी एक एकांकिका होती. गावाच्या वेशीवर माणसं नंबर लावून बसलीत, टँकर येणार येणार म्हणतात आणि येत नाही. नेपथ्य म्हणजे हंडे, घागरी, एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणि विंगेतून वाजणारा हॉर्न. त्यात एका म्हातारीला मी अडीच पानांचं बोलणं दिलं होतं. नंबर कुणाचा आधी, सासूच्या काळात विहिरीवर कोण आधी भरायचं, कुणाला चार हात लांब उभं करायचे, सगळं त्यात होतं. प्रत्येक केंद्रावर टाळी घ्यायची. काम करणाऱ्या बाईंना तीन ठिकाणी अभिनयाचं बक्षीस मिळालं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि एकाएकी सगळ्यांना दुष्काळावर चित्रपट करायचा होता. मला एका निर्मात्याचा फोन आला. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तेच केलं जे प्रत्येक नाटककार करतो. नाटकात जे दाखवता आलं नव्हतं ते सगळं दाखवलं: टँकर, टँकरचा ड्रायव्हर, भरायची जागा, तहसील, मंत्र्याचा दौरा. म्हातारीची अडीच पानं एका पानावर आणली आणि स्वतःवर खूश झालो. दिग्दर्शक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. वाचून झाल्यावर म्हणाला, “सर, सगळं दिसलं. पण आता आपण वाट कुणाची बघायची?”

मला राग आला होता, पण बरोबर होता तो. विंगेतल्या हॉर्नमध्ये प्रत्येक प्रेक्षकाचा आपापला टँकर होता. पडद्यावर एकच आला, एमएच-२२ नंबरचा, आणि तो आला म्हणजे संपलंच. नाटक प्रेक्षकाकडून उसनं घेऊन चालतं. आपल्या लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठव. मी शिकलो त्याच नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा आणि अख्खं विमान लोक आपल्या डोक्यात बांधायचे. कॅमेऱ्याला असं उसनं सहजासहजी मिळत नाही. तो दाखवतो, म्हणून त्याला काय दाखवायचं नाही हे आधी ठरवावं लागतं.

मग मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात दोन रात्री जाऊन राहिलो. नंबर लावायची पद्धत तूही बघितली असशील. माणसं नसतात, वस्तू असतात. हंडा, घागर, नाहीतर नुसता दगड, टायरचा तुकडा, एकाची एकच चप्पल. रात्री त्या रांगेपाशी कुणी नव्हतं, खांबावरच्या उजेडात नुसती भांडी उभी होती. त्यातला एक हंडा रांगेपासून हातभर बाजूला होता. का, ते मी कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही आणि ते न कळण्याइतका मी परका नाही.

परत येऊन जे लिहिलं ते असं होतं:

सीन ३१. बाहेर. वेस. रात्र.
खांबावरचा दिवा. भांड्यांची रांग. एक हंडा रांगेपासून हातभर बाजूला.
म्हातारी येते. आपल्या निळ्या ड्रमपाशी उभी राहते. इकडं-तिकडं बघत नाही. पायानं ड्रम सरकवते, पुढच्या घागरीच्या पुढं. मुरमावर ड्रम करकरतो. लांब कुत्रं भुंकतं.
म्हातारी ओट्यावर बसते. बराच वेळ.
उठते. ड्रम दोन्ही हातांनी उचलते आणि मूळ जागी ठेवते. आवाज होत नाही.

एवढंच. पुढं नेताना पायानं आणि आवाज करत, मागं आणताना हातानं आणि आवाज न करता. यावर मी चार दिवस घालवले होते. नटीनं विचारलं, “सर, मी इथं काय विचार करतेय?” मी म्हटलं, ड्रम जड आहे की हलका एवढंच बघा. रिकामा ड्रम हलका असतो, पण त्यांनी तो जड असल्यासारखा उचलला. ते माझं नाही, त्यांचं आहे.

यात तोटाही झाला, तो लपवत नाही. सासूच्या काळातली विहीर गेली. अडीच पानांत तीन पिढ्या होत्या, त्यातला एक हंडा तेवढा राहिला, हातभर बाजूला ठेवलेला. ज्यांना दिसला त्यांना दिसला. मुंबईच्या एका समीक्षकानं रांगेच्या ‘सुंदर रचनेचं’ कौतुक केलं. काय बोलणार.

इथं एक गोष्ट उलटीही सांगतो, नाहीतर तू प्रत्येक नाटक फोडून रानोमाळ करशील. निर्माते म्हणतात, ‘नाटक वाटतंय, बाहेर काढा जरा.’ प्रत्येक वेळी ऐकायचं नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘पार्टी’वर १९८४ साली गोविंद निहलानींनी चित्रपट केला, पटकथाही एलकुंचवारांचीच. बहुतेक चित्रपट एका घरातल्या एका रात्रीच्या पार्टीत घडतो आणि कुठंही नाटक वाटत नाही, कारण कॅमेरा माणसांच्या मधून फिरतो, कोण कुणाकडं बघतंय ते बघतो. आपल्याच औरंगाबादच्या प्रशांत दळवींच्या ‘ध्यानीमनी’वर चंद्रकांत कुलकर्णींनी २०१७ मध्ये चित्रपट केला. ज्या मुलाभोवती सगळं घर फिरतं तो रंगमंचावर कधी येत नाही, आणि नाटकात त्याचं काही वाटत नाही. नाटकात माणसं आत-बाहेर असतातच. चित्रपटात मात्र पाचव्या मिनिटाला प्रेक्षक मनात म्हणतो, कॅमेरा त्या मुलाच्या खोलीत का जात नाही? नाटक आणि चित्रपट दोन्ही मिळाली तर शेजारी-शेजारी ठेवून बघ, मी दहा पानं लिहून सांगण्यापेक्षा जास्त कळेल.

आता बोली. आपली सगळी मिजास तिच्यावर असते, म्हणून थोडं कडू बोलतो. आपण मराठवाड्याचे लेखक बोलीच्या जोरावर प्रसंग तारून नेतो. पात्र ‘काय करायलास?’ म्हणालं की पुण्याचा प्रेक्षक हसतो आणि आपल्याला वाटतं प्रसंग जमला. जमलेला नसतो, बोलीनं झाकलेला असतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की पटकथेचा पहिला ड्राफ्ट मी मुद्दाम कोरड्या प्रमाण मराठीत लिहितो, वर्तमानपत्रासारखा. त्यात जो प्रसंग उभा राहतो तोच ठेवतो. मग संवादाच्या ड्राफ्टमध्ये बोली आणतो, आणि एकदा आणली की कुणाच्या बापाला हात लावू देत नाही.

कारण तिकडं गेल्यावर हात लावणारे भरपूर भेटतात. मराठी पडद्यावर ‘ग्रामीण’ म्हणून जे बोलतात ते बहुतेक वेळा कुठलंच नसतं; कोल्हापूर-साताऱ्याकडचं ‘व्हय रं’ घ्यायचं आणि सगळ्या महाराष्ट्राला लावायचं. माझ्या दुसऱ्या चित्रपटात परभणीचा शेतकरी डबिंगमध्ये ‘काय करतुयास’ बोलून गेला. मी तिथं नव्हतो, बोलावलंच नव्हतं. तेव्हापासून डबिंगला लेखक हजर राहील हे करारात लिहून घेतो. आणि आपल्यातही एकच बोली नाही, हे तू तरी विसरू नको. परभणीत आम्ही ‘काय करायलास’ म्हणतो, लातूर-उदगीरकडं ‘काय करूलालास’ ऐकू येतं, आष्टीकडं गेलं की बोली नगरला जाऊन टेकते. ‘मराठवाडी बोली’ असं पटकथेत लिहू नको, तालुका लिही.

बोली अडचण आहे असं कुणी म्हणालं तर ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’चं नाव सांग. जांब समर्थच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलं, जालन्याकडच्या पोरांनी केलं, आणि मुंबई-पुण्याच्या लोकांनी डोक्यावर घेतलं. कुणी भाषा धुऊन मागितली नाही.

कागदाच्या किमतीबद्दल एक गोष्ट नाटकवाल्यांच्या लक्षात उशिरा येते. नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. तिथं कागद तपासतात, पान न पान. चित्रपट सेन्सॉरकडं जातो तो तयार होऊन, बघायला. यातच सगळं आलं बघ. नाटकात संहिता ही वस्तू आहे, छापली जाते, पन्नास वर्षांनी दुसरा कुणी उचलून करतो. पटकथा शूटिंग संपलं की रद्दी असते. सेटवर मी माझ्या पटकथेच्या पानात वडापाव बांधलेला बघितलाय. आणि नाटकात तुला तालमी असतात, प्रयोग असतात, अकराव्या प्रयोगानंतर एक वाक्य बदलता येतं. चित्रपटाला अकरावा प्रयोग नाही. त्यामुळं तालीम टेबलावरच करावी लागते. मी चार माणसं जमवून पटकथा मोठ्यानं वाचायला लावतो, सीनच्या वर्णनासकट. वाचणारा जिथं वर्णन गाळून संवादावर उडी मारतो तिथं पेन्सिलीनं खूण. ते वर्णन मेलेलं आहे.

मापाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो: साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरतात. शंभर-एकशेवीस पानांच्या पुढं जाऊ नको. देवनागरीत हे गणित थोडं मागं-पुढं होतं.

आता पैशाचं आणि नावाचं. माझ्या पहिल्या चित्रपटाची गोष्ट आहे. वनलाइन, म्हणजे थोडक्यात गोष्ट, मी एका चहाच्या टेबलावर तोंडी सांगितली, मग विश्वासानं वीस पानं पाठवली. निर्माता आपल्याच भागातला, घरोब्याचा. चित्रपट लागला तेव्हा कथा आणि पटकथेपुढं त्याच्या मेव्हण्याचं नाव होतं, माझं नाव फक्त ‘संवाद’पुढं. ठरलेल्या मानधनातला शेवटचा हप्ता अजून यायचाय. कोर्टात गेलो नाही, कारण माझ्याकडं दाखवायला कागदच नव्हता. मराठीत कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी नावं पडतात, हे पडद्यावर वाचेपर्यंत माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. नाटकात ‘लेखक’ एकच असतो ना.

तेव्हा वनलाइनसुद्धा पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदव. ऑनलाइन होतं. त्यानं हक्क नव्यानं मिळत नाही, तो लिहिल्याबरोबरच तुझा असतो. पण अमुक तारखेला हे तुझ्याकडं होतं, याचा पुरावा राहतो. पुढची बोलणी ईमेलवर कर, फोनवर ठरलेलंसुद्धा रात्री ईमेलनं लिहून पाठव. करारात मुदत किती वर्षांची आणि कुठल्या भूभागासाठी, हे बघ. ते लिहिलेलं नसेल तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं धरतो, म्हणून निर्माते ‘कायमचं, जगभर’ असं छापूनच आणतात. २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा सोडून देता येत नाही, तरी कुणी ‘सोडला’ असं लिहून आणलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखव. अंबाजोगाईत चांगले वकील आहेत, मुंबईचाच लागतो असं नाही. आणि हप्ते कामाच्या टप्प्यावर बांध: सही झाली की एक, पहिला ड्राफ्ट दिला की एक. ‘प्रदर्शनानंतर’ असा हप्ता म्हणजे दक्षिणा समज.

मुंबईला जावं लागतं का? राहायला नाही, पण जावं लागतं. पूर्वी मी देवगिरी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, जायचो आणि संध्याकाळी परत. आता निम्मं काम व्हिडिओ कॉलवर होतं. तरी पहिलं वाचन समोर बसून कर. निर्माता कुठं मोबाइल उचलतो ते कळतं.

मालिका लिहू का, असं पुढं विचारशील. मी चार वर्षं लिहिल्या, घर त्यावर झालं, निंदा करणार नाही. वेग येतो. रात्री अकराला सीन मागितला की बाराला देता येतो. पण हात बिघडतो. मालिकेत भाजी निवडत बसलेल्या बाईलाही कळलं पाहिजे म्हणून पात्रं एकमेकांना नात्यानं हाक मारत, झालेलं सगळं परत सांगत बोलतात. ती खोड माझ्या पुढच्या दोन पटकथांत होती. गेलासच तर दोन वर्षांत बाहेर ये.

आता नोकरी. सोडू नको. तुला उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, हे किती लेखकांच्या नशिबी असतं विचार. पटकथा पूर्ण वेळ मिळाल्यानं चांगली होत नाही, ती निर्मात्याला ‘नाही’ म्हणता आल्यानं चांगली राहते, आणि एक तारखेला पगार येणारा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. माझ्या पाचातल्या दोन पटकथा मी निव्वळ घरभाड्यासाठी लिहिल्या, आणि डब्यात पडून आहेत त्या नेमक्या त्याच दोन. दोन चित्रपटांचे पैसे खात्यावर जमा झाले, कबूल झाले असं नव्हे, जमा झाले, की बिनपगारी रजेचा विचार कर.

तोवर एक काम कर. तुझ्या एकांकिकेतला सगळ्यात जास्त टाळी घेणारा प्रवेश काढ. संवाद सगळे खोड. त्याच माणसांचा तोच प्रसंग दीड पानात लिही, वर तालुका आणि वेळ लिही, आणि मला पाठव. टाइप करून पाठव, वहीचे फोटो नको. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.